एका कोर्टावर दोन खेळ, की कोर्टांची सरळ वाटणी?

परवा पुण्याहून मेव्हण्याचा फोन आला. त्याच्या सोसायटीत एकच टेनिस कोर्ट आणि त्यावर आता पिकलबॉलवाल्यांचा डोळा. (पिकलबॉल म्हणजे टेनिससारखाच, पण लहान कोर्टावर पॅडल आणि प्लास्टिकच्या चेंडूने खेळायचा खेळ.) "जिजाजी, तुमच्याकडे हे भांडण जुनं आहे. तुम्ही काय केलंत?"

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात दोन्ही तऱ्हा आहेत. घराजवळच्या पार्कात दोन कोर्टं आहेत. दोन्हींवर टेनिसच्या पांढऱ्या रेघा, त्यांवरूनच पिकलबॉलच्या पिवळ्या, आणि वेळा वाटून दिलेल्या. पलीकडच्या पार्कात चार टेनिस कोर्टं होती, त्यातलं एक कायमचं पिकलबॉलला दिलं. मी दोन्ही पार्कांत दोन्ही खेळ खेळलोय. टेनिस कॉलेजपासून, पिकलबॉल गुडघ्याने नोटीस दिल्यापासून. त्यामुळे मी कुठल्याच पक्षाचा नाही, असं मला तरी वाटतं.

सामाईक कोर्टाची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. खर्च म्हणजे रंगाचा डबा आणि चाकांवरची जाळी, बस्स. पुढेमागे विचार बदलला तर रेघा पुसता येतात. सकाळी सातला टेनिसची दोन माणसं आणि संध्याकाळी पिकलबॉलची जत्रा, असं असेल तर जागा दिवसभर वापरात राहते. टेनिसच्या एका कोर्टावर फार तर चार जण खेळणार. तेवढ्याच जागेत पिकलबॉलची चार कोर्टं बसतात, म्हणजे सोळा जण. हा हिशोब ऐकल्यावर पार्कवाल्यांचे डोळे लकाकतात, आणि त्यात त्यांचं चुकतं असं नाही. शिवाय हा खेळ जन्मला तोच दुसऱ्याच्या अंगणात. १९६५ साली सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर एका घरच्या बॅडमिंटन कोर्टावर तो सुरू झाला. म्हणून तर त्याचं माप अजूनही २० बाय ४४ फूट, बॅडमिंटनच्या डबल्सचंच.

मग अडलं कुठे? दोन फुटांवर.

टेनिसची सर्व्हिस लाइन, म्हणजे सर्व्हिस जिच्या आत पडावी लागते ती रेघ, जाळीपासून २१ फुटांवर असते. कोर्टाच्या प्रत्येक अर्ध्या भागात, मागच्या मोकळ्या जागेसकट, पिकलबॉलची दोन कोर्टं आखली की 'किचन'ची, म्हणजे त्यांच्या जाळीलगतच्या पट्ट्याची, एक रेघ येते टेनिसच्या जाळीपासून २३ फुटांवर. दुसरी येते ३७ फुटांवर, म्हणजे टेनिसच्या बेसलाइनच्या (सगळ्यात मागच्या रेघेच्या) दोन फूट आत. कागदावर यात काही वाटत नाही. संध्याकाळी दिवे लागल्यावर, ताशी शंभराच्या आसपास येणारी सर्व्हिस २१ आणि २३ फुटांवरच्या रेघांच्या मधल्या पट्ट्यात पडली की समजतं. डोळा रेघ शोधतो, रंग नाही. मी हात वर करून 'आउट' म्हणायचं, समोरच्याने पिवळ्या रेघेकडे रॅकेट दाखवत 'इन' म्हणायचं, आणि मग दोघांनी रेघेशी येऊन वाकून बघायचं. पिवळ्या दिव्याखाली पांढरी आणि पिवळी रेघ जवळजवळ जुळी दिसते. एका सेटमध्ये चार-पाच वेळा हे झालं की खेळ राहतो बाजूला, पंचायत बसते. उलट बाजूनेही तेच. पिकलबॉल खेळताना किचनमध्ये उभं राहून व्हॉली (टप्पा पडण्याआधीचा फटका) मारता येत नाही, आणि पाय नेमका कुठल्या रेघेला लागला यावरून आमच्या गटातल्या एका मितभाषी गुजराती काकांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

रंग आणखी फिका करून पाहिला. दिवसा बरं वाटलं. रात्री पिकलबॉलवाल्यांनाच त्यांच्या रेघा दिसेनात.

बाकीच्या कटकटी किरकोळ म्हणायच्या. चाकांची जाळी मधोमध ओघळते, वारा असला की पंधरा मिनिटं तिच्यातच जातात, आणि आठ वाजता वेळ संपली तरी "हा एवढाच गेम" संपत नाही. हे सवयीने चालतं. रेघेची सवय मात्र मला तीन उन्हाळ्यांत झाली नाही. तुमची नजर माझ्याहून तयार असेल तर कदाचित होईल.

पलीकडच्या पार्कातही सगळं आलबेल नाही. टेनिसचं एक कोर्ट गेलं ते गेलंच, शनिवारी सकाळी तिथे आता ताटकळावं लागतं. प्लास्टिकच्या चेंडूचा तो टॉक-टॉक आवाज एका कोपऱ्यात एकवटतो, त्या बाजूला घरं असतील तर हा विचार आधी करा. आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. सामाईक कोर्टावर टेनिसवाले आणि पिकलबॉलवाले निदान भांडता भांडता ओळखीचे झाले होते. इथे मधल्या कुंपणापलीकडचा माणूस कोण, पत्ता नाही. पण जाळी पक्की, मधे बरोबर ३४ इंच. कठड्याला पॅडल अडकवून नंबर लावायचा, आला की खेळायचं. रेघांचा एकच संच. आउट म्हणजे आउट.

गावच्या बैठकीत घराजवळच्या दोन कोर्टांचं काय करावं असं विचारलं, तेव्हा मी वाटणीच्या बाजूने हात वर केला. एक टेनिसला, एक पिकलबॉलला. शेजारी बसलेला माझा टेनिसचा जोडीदार आठवडाभर नीट बोलला नाही.

मेव्हण्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण एकाच कोर्टाची वाटणी कशी करणार? त्याला म्हटलं, निदान रंगारी बोलावू नकोस. टेनिसच्याच जाळीवर खेळा. ती मधे ३६ इंच असते, मधला पट्टा ओढून दोन इंच खाली घ्या आणि जाताना आठवणीने सोडा. पिकलबॉलची बेसलाइन २२ फुटांवर लागते, टेनिसची सर्व्हिस लाइन २१ वर आहेच. घरगुती खेळाला तीच बेसलाइन धरा. बाजूच्या आणि किचनच्या रेघांसाठी जमिनीवर टाकायच्या रबरी पट्ट्या मिळतात, खेळ संपला की गोळा करायच्या.

"आणि त्या गोळा कोण करणार?" तो म्हणाला.

त्यांच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप सध्या त्याच मुद्द्यावर अडलाय.