जेटची गाडी करायची तर इंजिन कोणतं: पल्सजेट, टर्बोचं टर्बाइन का तयार घ्यायचं?

डिप्लोमाची आणि इंजिनिअरिंगची पोरं हल्ली हे लय विचारायलेत, वाळूजची, जालन्याची, लातूर-नांदेडकडची पण. इंग्लंडचा कॉलिन फर्झ सायकलला पल्सजेट बांधून पळवतो ते बघितलं की हात शिवशिवणारच, आणि ते चांगलंच आहे. आपल्याकडं वेल्डिंग येणारी, लेथवर हात बसलेली पोरं कमी नाहीत, कॉलेजात बाहाच्या (पोरांनी स्वतः गाडी बनवून उतरायच्या स्पर्धेच्या) गाडीची जुनी फ्रेम धूळ खात पडलेली असते, ट्रकचे आणि बोअरच्या कॉम्प्रेसर गाड्यांचे टर्बो, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत हवा दाबणारे टर्बोचार्जर, भंगारात मिळतात. अडतंय ते एकाच ठिकाणी, की इंजिन कोणतं घ्यायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो: शिकायचं असेल तर टर्बोचार्जरपासून केलेलं टर्बाइन, नुसतं एकदा गर्जवून दाखवायचं असेल तर पल्सजेट, आणि माणूस बसवून परत परत चालवायचं असेल, खिशात पैसे पण असतील, तर तयार छोटं टर्बाइन. आता का ते बघू.

पण त्याआधी एक हिशोब करून घ्या, कारण बहुतेकांचा गैरसमज इथंच होतो. जेटचं माप हॉर्सपॉवर नाही, थ्रस्ट, म्हणजे ढकलायचं बळ. ताकद निघते ती थ्रस्ट गुणिले वेग. समजा तुमच्या इंजिनानं १० किलो थ्रस्ट दिला, म्हणजे साधारण ९८ न्यूटन, आणि गाडी ताशी ३६ किलोमीटरवर आहे, म्हणजे सेकंदाला १० मीटर, तर चाकामागं ताकद झाली ९८० वॅट, जेमतेम १.३ हॉर्सपॉवर. साधी ११० सीसीची स्कूटी सात-आठ हॉर्सपॉवरची असते. गाडी आणि माणूस मिळून १२० किलो धरलं, चाकांच्या घर्षणात दोन किलो थ्रस्ट गेला, तर ३६ च्या वेगाला पोचायला सपाट काँक्रिटवर पंधराएक सेकंद लागतील. म्हणजे वेग हवा म्हणून जेट घेत असाल तर घेऊ नका. जेट खुलतं ते खूप वेगात. अमेरिकेच्या आर्ट आर्फन्सनं १९६४ मध्ये बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी ५३६ मैल काढले, पण त्याच्या ग्रीन मॉन्स्टर गाडीत लढाऊ विमानाचं जे७९ इंजिन होतं, सरकारी भंगारातून आणून स्वतः दुरुस्त केलेलं. आणि १५ ऑक्टोबर १९९७ ला ब्रिटनच्या थ्रस्ट एसएससी गाडीनं ताशी १२२८ किलोमीटरचा विक्रम केला तेव्हा तिला दोन रोल्स-रॉइस स्पे इंजिनं होती. आपल्या गोकार्टला ते गणित लागू होत नाही.

आता पल्सजेट. हे इतकं सोपं आहे की विश्वास बसत नाही. एक नळी, त्यात पेटणारी जागा, मागं लांब शेपटी. गॅस आणि हवा आत येते, पेटते, धूर मागं निघून जातो, त्या धक्क्यानं आत दाब कमी होतो, परत हवा ओढली जाते, परत पेटते. सेकंदाला चाळीसेक ते दोनशे वेळा, नळीच्या लांबीवर अवलंबून. एकदा सुरू झालं की स्पार्क प्लग पण बंद करता येतो, तापलेली नळी आणि आत उरलेला गरम धूरच पुढचा घोट पेटवत राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-१ बॉम्बला हेच होतं, आर्गस कंपनीचं, सेकंदाला सुमारे ४५ धडाके, थ्रस्ट तीनशे किलोच्या आसपास, आणि साध्या पत्र्याचं. त्याला पुढं स्टीलच्या पातळ झडपा होत्या ज्या लवकर जळायच्या, पण व्ही-१ ला उडायचं एकदाच होतं म्हणून चाललं. घरी करणारे बहुतेक बिनझडपेचं करतात, लॉकवूड-हिलर नावाचं, यू आकारात वाकवलेलं, म्हणजे हवा घेणारं तोंड आणि शेपटी दोन्ही मागं. हलणारा एकही भाग नाही, बेअरिंग नाही, ऑइल नाही, बॅलन्सिंग नाही. चांगला टिग वेल्डर आणि एक-दीड मिमी स्टेनलेस पत्रा असला की काम होतंय, खर्च इतर पर्यायांपेक्षा सगळ्यात कमी.

मग अडचण काय? पहिली, आवाज. १३० डेसिबलच्या वर जातो, म्हणजे कानाला इजा होण्याच्या कितीतरी पुढं, इअरप्लग आणि वरून इअरमफ दोन्ही घातले तरच जवळ थांबायचं. वस्तीपासून, गोठ्यापासून, पोल्ट्रीपासून लांब जागा पाहिजे आणि लांब म्हणजे खरंच लांब. दुसरी, नळी लाल होते, अंधारात केशरी दिसते, आणि ती लाल नळी तुमच्या सीटच्या, टायरच्या, मुख्य म्हणजे गॅसच्या टाकीच्या शेजारी असते. आणि तिसरी, जी कोणी सांगत नाही, गॅस. घरचं सिलेंडर आणि त्याचा रेग्युलेटर इथं चालतच नाही, तो शेगडीपुरता बारीक दाब देतो, इंजिनाला त्याच्या कितीतरी पट लागतो, आणि घरगुती सिलेंडर गाडीत वापरणं कायद्यानं बंद आहे ते वेगळंच. हाय प्रेशर रेग्युलेटर लावून जोरात गॅस ओढला तर सिलेंडर स्वतः गार पडतं, बाहेरून बर्फ धरतं, आतला दाब पडतो आणि इंजिन अडखळायला लागतं. गाडीवर सिलेंडर बांधून मागं लाल नळी ठेवून पोरानं त्यावर बसायचं, ही कल्पना मला मनापासून पटत नाही. पल्सजेट करायचं तर जमिनीला बोल्ट मारलेल्या स्टँडवर करा, स्प्रिंग काटा लावून थ्रस्ट मोजा, पळवायच्या भानगडीत पडू नका.

टर्बोचं टर्बाइन वेगळ्या जातीचं काम आहे, आणि माझा जीव यात आहे. टर्बोचार्जरमध्ये जेटचे दोन अवघड भाग आयतेच मिळतात, कॉम्प्रेसरचं चाक आणि टर्बाइनचं चाक, एका शाफ्टवर, कंपनीतून बॅलन्स होऊन आलेले. टर्बाइनचं चाक निकेलच्या खास मिश्रधातूचं असतं, ते घरी ओतणं शक्यच नाही. तुम्हाला मधली जळणखोली तेवढी करायची. कॉम्प्रेसरमधून दाबलेली हवा नळीनं त्या खोलीत, तिथं डिझेल किंवा गॅस जाळायचा, तो गरम वायू टर्बाइनमध्ये, टर्बाइन कॉम्प्रेसरला फिरवणार आणि उरलेला जोर मागच्या नोझलमधून बाहेर.

खोलीच्या आत भोकं पाडलेली एक नळी असते, फ्लेम ट्यूब, सगळी कला तिथं आहे. करणाऱ्यांमध्ये चालत आलेला ठोकताळा असा की कॉम्प्रेसरच्या चाकाच्या तोंडाचा व्यास, ज्याला इंड्युसर म्हणतात, तो मोजायचा, फ्लेम ट्यूबचा व्यास त्याच्या दुप्पट, लांबी सहापट, आणि सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ इंड्युसरच्या क्षेत्रफळाइतकं. म्हणजे इंड्युसर ५० मिमी असला तर ट्यूब १०० मिमी व्यासाची, ३०० मिमी लांब, आणि भोकं मिळून साधारण १९६० चौरस मिमी. त्यातली ३० टक्के भोकं पुढं पेटण्याच्या भागात, २० टक्के मध्ये, ५० टक्के शेवटी, कारण शेवटची हवा जाळायला नसून गार करायला असते, नाहीतर टर्बाइनचं चाक वितळेल. हे गणित कागदावर करून, ड्रिल मारून, पेटवून बघितलं की थर्मोडायनॅमिक्सचा अख्खा पेपर डोळ्यासमोर उभा राहतो. पल्सजेट हे शिकवत नाही, तयार इंजिन तर झाकणच उघडू देत नाही.

थ्रस्ट? पन्नास मिमीच्या टर्बोला पाच-सात किलो, ट्रकच्या मोठ्या टर्बोला नीट जमलं तर दहा-पंधरा. वजन जास्त, कारण टर्बाइनची बाजू बिडाची असते, वर ऑइलची टाकी, पंप, बॅटरी. ऑइल ही याची खरी जबाबदारी. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि तो धातूवर नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, ऑइलचा दाब गेला की काही सेकंदात बेअरिंग संपलं. इंजिन बंद केल्यावर पण पंप चालू ठेवायचा, नाहीतर टर्बाइनकडची उष्णता आत येऊन ऑइलचा कोळसा करते. सुरू करायला पानं उडवायचा ब्लोअर कॉम्प्रेसरच्या तोंडाला धरतात, मोटारसायकलच्या प्लगनं ठिणगी, मग हळूहळू इंधन. इंधन घाईनं वाढवलं तर मागून ज्वाळा निघतात आणि चाक तापून खराब होतं, म्हणून के टाइपचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचा सेन्सर, मागं पाहिजेच, ७०० अंशाच्या पुढं गेलं की इंधन कमी. बूस्टचं, म्हणजे कॉम्प्रेसरनं दाबलेल्या हवेच्या दाबाचं, घड्याळ पण पाहिजे, सुरुवातीला एक बारच्या आतच राहा.

आणि उभं कुठं राहायचं ते. चाक फुटलं तर तुकडे चाकाच्या रेषेत बाजूला उडतात, त्यामुळं चाकाच्या सरळ बाजूला कोणीही नको, मग तो मोबाइल धरलेला मित्र असो का सर. जाड पत्र्याचा गार्ड पाहिजे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०२१ साली एका तरुणाचा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं लागून जीव गेला. लय हुशार पोरगा होता. फिरणाऱ्या वस्तूजवळ हुशारी वाचवत नाही, अंतर आणि गार्ड वाचवतात, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार.

तयार छोटं टर्बाइन म्हणजे मॉडेल विमानांचं, जर्मनीच्या जेटकॅटसारखं. १०० न्यूटनचं इंजिन एक किलोच्या थोडं वर भरतं. आपल्या बिडाच्या टर्बोसमोर हे आकडे ठेवले की फरक कळतो. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असतो, बटण दाबलं की स्वतः फिरतं, स्वतः पेटतं, तापमान वाढलं तर स्वतः बंद होतं. वेगळा ऑइल पंप नाही, केरोसीनमध्येच पाच टक्के टर्बाइन ऑइल मिसळायचं, तेच बेअरिंगला जातं. स्विस यव्हेस रॉसीनं अशी चार इंजिनं पाठीवरच्या पंखाला लावून उड्डाणं केली, इतकी ती भरवशाची. पण किंमत लाखांत, वर कस्टम्स, पंचवीस तास चालल्यावर सर्व्हिस, ती पण कंपनीकडं. आणि पितं जोरात, पूर्ण जोरावर मिनिटाला पाव ते अर्धा लिटर. केरोसीन आता आपल्याकडं सहज मिळत नाही, बरीच इंजिनं डिझेलवर पण चालतात, पण घेण्याआधी त्या मॉडेलला चालतं का ते विचारून घ्या. सुरक्षित हेच आहे यात वाद नाही. फक्त तुम्ही गाडी बनवली असं होईल, इंजिन बनवलं असं होणार नाही, कॉलेजच्या प्रोजेक्टला याचा फरक पडतो.

या दोघांच्या मधला एक रस्ता आहे, तो ज्यांच्याकडं लेथ आणि संयम दोन्ही आहेत त्यांच्यासाठी. कुर्ट श्रेकलिंग नावाच्या जर्मन माणसानं १९८० च्या दशकात घरच्या वर्कशॉपमध्ये चालणारं छोटं टर्बाइन केलं, कॉम्प्रेसरचं चाक चक्क प्लायवूडचं, कार्बन फायबरनं बांधलेलं. नंतर केजे-६६ नावाचं घरी करता येणारं टर्बाइन आलं, त्यात टर्बोचार्जरचं ६६ मिमी चाक वापरतात. चिकलठाणा-वाळूजला मशीनिंगची सोय आहे, पण बॅलन्सिंग आणि टर्बाइनचं चाक मिळवणं अवघड, पहिल्या प्रोजेक्टला नको.

हेलिकॉप्टरचं खरं इंजिन कुठून मिळेल का असं पण विचारतात. अमेरिकेत रॉन पॅट्रिकनं फोक्सवॅगन बीटलच्या मागं जनरल इलेक्ट्रिकचं टी५८ बसवलं, १३५० हॉर्सपॉवरचं, पुढचं मूळ पेट्रोल इंजिन तसंच ठेवून. तिकडं लष्करी भंगार विकत मिळतं. आपल्याकडं ते विसरा. आणि बॅटरीवरचा डक्टेड फॅन, म्हणजे नळीत बसवलेला पंखा, तो जेट नाहीच, पण शाळेच्या प्रदर्शनात थ्रस्ट समजावायला आग नसलेला चांगला पर्याय आहे, तिथं तोच लावा.

आपल्या भागाचं काही वेगळं आहे ते पण धरा. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि मे महिन्यात ४२ अंश, तेव्हा हवा पुस्तकातल्या मानक हवेपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ असते, तेवढा थ्रस्ट आधीच गेला. डिसेंबरच्या सकाळी तेच इंजिन चांगलं ओढतं, टेस्टिंग तेव्हाच ठेवा. धूळ टर्बाइनची दुश्मन, तोंडाला जाळी लावाच, खडा आत गेला तर कॉम्प्रेसरची पाती तुटतात, आणि कापसाच्या दिवसात उडणारा कापूस जाळीवर बसून हवा कोंडतो तो सारखा झाडत राहायचा. शेतात चालवायचं म्हणाल तर काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली, वर पऱ्हाट्या-तुराट्या वाळलेल्या, मागचा गरम झोत लागला की रान पेटणार. पल्सजेटला तर हे दुप्पट लागू. काँक्रिटचं आवार, मालकाची लेखी परवानगी, दोन फोमचे एक्स्टिंग्विशर आणि एक माणूस फक्त इंधनाच्या व्हॉल्व्हवर. रस्त्यावर मात्र नाहीच, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या गाडीत असा बदल चालत नाही आणि घरी केलेल्या गाडीला पासिंग मिळत नाही.

टर्बोवर आलात तर भंगारातून घेताना घाई करू नका. शाफ्ट हातानं फिरवा, सहज फिरला पाहिजे. पुढं-मागं ओढून बघा, हालचाल जवळपास जाणवलीच नाही पाहिजे, बाजूला किंचित चालते कारण ऑइलची जागा असते, पण पाती घराला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, घासत असतील तर टर्बो सोडून द्या. पातीच्या कडा बोटानं नाही, उजेडात बघा, बारीक तुकडा गेलेला असला तरी नको. टर्बाइनच्या घराला तडा आहे का बघा. आणि ऑइल आत-बाहेर जायच्या फ्लँज, जुने नटबोल्ट जे असेल ते सगळं सोबत मागून घ्या, दुकानदार बहुतेक वेळा फुकट देतो, नंतर तेच बनवायला आठवडा जातो.