टोमॅटोची चव लागणारा पास्ता, इंदिरानगरात

नाशिकमध्ये इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक छोटं इटालियन रेस्टॉरंट नुकतंच सुरू झालंय. मोजकी टेबलं, समोर उघडं किचन, सगळं शाकाहारी. मार्गारिटा पिझ्झा १९० रुपये, पास्ता १६० पासून. चौघं पोटभर जेवून हजाराच्या आत बाहेर पडतात. आपल्या भागात हे इतक्या चांगल्या दर्जाचं मिळतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं माहेर पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं. घरात टोमॅटोचे क्रेट रचलेले बघत मोठी झाले, त्यामुळे सॉसमध्ये टोमॅटो किती आणि केचप किती, हे पहिल्या घासाला कळतं. इथे केचप नाही. मालक तरुण आहे, विचारलं तर हातातलं काम न थांबवता सगळं सांगतो. "काकू, टोमॅटो आपल्याच मार्केटचा. साल काढायची, बिया काढायच्या आणि मंद आचेवर आटवायचा. आंबटपणा मारायला साखर नाही, अख्खं गाजर टाकून शिजवतो आणि नंतर काढून घेतो." हे महत्त्वाचं आहे, कारण आपला संकरित टोमॅटो लांबच्या बाजारापर्यंत टिकावा म्हणून घट्ट आणि जाड सालीचा असतो. इटलीतल्या नापोलीकडचा सान मार्झानो टोमॅटो मुळातच गरदार, कमी बियांचा आणि कमी आंबट. तो डब्यातून मागवला की ताटाची किंमत वाढते. या मुलाने डब्याऐवजी मेहनत घेतलीय, आणि दर खाली राहिलेत ते त्यामुळेच.

पिझ्झ्याचं पीठ आदल्या दिवशी मळून फ्रीजमध्ये आंबवतात. कड फुगलेली, आतून जाळीदार, आणि भाकरीवर पडतात तसे काळे डाग. नापोलीच्या पद्धतीत लाकडाच्या भट्टीत पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. इथे विजेची भट्टी आहे, तिला जास्त वेळ लागतो आणि कड थोडी कडक होते. मला ती चालते. चीज मात्र बेताचंच घालतात. 'चीज बर्स्ट'ची सवय असलेल्या मुलांना ते कमी वाटेल, पण त्यामुळेच खालचा सॉस कळतो.

सगळ्यात आवडला तो आल्यो ए ओल्यो. लसूण, ऑलिव्ह तेल, लाल मिरची आणि पास्ता उकळलेलं पाणी, एवढ्यावर उभा असलेला पदार्थ. लसूण करपला की ताट संपलं. इथे तो सोनेरीच असतो, आणि पिष्टाच्या पाण्याने तेल नुसतं खाली न साचता प्रत्येक शेवेला धरून राहतं. पास्ता आधीच उकळून ठेवलेला नसतो, ऑर्डर दिल्यावर पाण्यात पडतो, म्हणून वेळ लागतो. मध्ये किंचित दाताखाली येईल असाच देतात. आमच्या सासूबाईंना तो कच्चट वाटला. "आजी, अजून दोन मिनिटं ठेवतो," म्हणत त्या मुलाने दुसरा शिजवून आणला, तोंड वाकडं न करता, जादा पैसे न घेता. अशी वागणूक मोठमोठ्या ठिकाणी मिळत नाही.

एक गोष्ट मुद्दाम विचारून घेतली, तुम्हीही कुठेही गेलात तर विचारा. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या घटकाने, बनतं, म्हणजे ते शाकाहारी नाही. इथे सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या रेनेटचं चीज वापरतात आणि पाकीट दाखवायला तयार असतात. जैन मंडळींसाठी लसूण-कांद्याशिवाय सॉस आधी सांगितला तर वेगळा करून देतात, गाजरही वगळतात.

पेस्तो, म्हणजे बेसिलचा हिरवा सॉस, मात्र जमलेला नाही. बेसिल कमी आणि कोथिंबीर जास्त, हिरव्या चटणीच्या वळणावर गेलाय. बेसिल म्हणजे आपल्या सब्जाचंच झाड, ते आपल्या हवेत कुंडीतसुद्धा फोफावतं. इतक्या कष्टाने सॉस करणाऱ्याला हे सहज जमेल. तिरामिसू या गोड पदार्थात कॉफी चांगली कडक होती, पण मास्कारपोने या दाट मलईदार चीजऐवजी फेटलेलं क्रीम होतं, त्यामुळे जिभेवर हलकंच राहिलं. गार्लिक ब्रेड ठीक.

मेनू फक्त इंग्रजीत आहे. त्यात एका ओळीत मराठीत लिहावं की काय पदार्थ आहे, तिखट किती, लसूण आहे का. शेजारच्या टेबलावरचे आजोबा नातवाला प्रत्येक नाव विचारत होते आणि शेवटी त्यांनी फक्त सूप मागवलं. हे मी मालकाला सांगितलंय.

शनिवार-रविवारी आठनंतर बाहेर उभं राहावं लागतं, आणि पार्किंग रस्त्यावरच. आठवड्याच्या मधल्या दिवशी सातच्या सुमारास जा. दोघं असाल तर एक मार्गारिटा, एक आल्यो ए ओल्यो, आणि टेबलावर चिली फ्लेक्स, ओरेगॅनो शोधू नका. मागितलं तर देतात, पण आधी तसंच खाऊन बघा.