अलास्का की लॅपलँड? स्लेजच्या कुत्र्यांसोबत एक हिवाळा काढायचा असेल तर

गेल्या दोन-तीन वर्षांत पुण्याकडच्या चार जणांनी मला हाच प्रश्न विचारला: "ताई, एक हिवाळा स्लेजच्या कुत्र्यांसोबत काढायचाय. अलास्काला जाऊ की लॅपलँडला?" स्लेज म्हणजे कुत्र्यांनी बर्फावरून ओढायची बिनचाकी गाडी. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगितलं, आता एकदा नीट लिहून काढते.

अलास्कातल्या फेअरबँक्सला विद्यापीठात शिकत असताना मी चार हिवाळे शहराबाहेर, टू रिव्हर्सच्या बाजूला, एका मशरच्या (म्हणजे स्लेज हाकणाऱ्याच्या) आवारातल्या केबिनमध्ये भाड्यानं राहिले. त्याच्याकडे २६ कुत्री होती आणि त्यांचं काम मी आवडीनं करायची. पुढे एक पूर्ण मोसम फिनलंडच्या उत्तरेला, म्हणजे लॅपलँडमध्ये, इनारीच्या भागात, पर्यटकांना स्लेजवरून फिरवणाऱ्या केनेलमध्ये (कुत्री पाळायच्या आवारात) नोकरी केली. तिथे दोनशेच्या वर कुत्री. बर्फ दोन्हीकडे तोच, पण अलास्कात दिवस कुत्र्यांत आणि घर चालतं ठेवण्यात जातो, लॅपलँडमध्ये पाहुण्यांत. यातलं तुम्हाला काय हवंय, ते आधी मनाशी ठरवा.

सगळ्यात आधी व्हिसाचं बोलते, कारण बरीच स्वप्नं इथेच अडतात. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. "पगार नाही, नुसतं राहणं-जेवण" असं ठरलं तरी तो कामाचा मोबदलाच धरला जातो. कुणी "ये रे, काही होत नाही" म्हणून बोलावलं तरी जाऊ नका. फिनलंडमध्ये २०१८ पासून हंगामी कामासाठी वेगळा कायदा आहे. त्यात शेती आणि पर्यटन ही दोन्ही क्षेत्रं येतात आणि नऊ महिन्यांपर्यंतची परवानगी मिळू शकते. त्यामुळे भारतातून थेट निघणाऱ्यासाठी लॅपलँडची वाट जास्त सरळ आहे. अमेरिकेत आधीपासून राहत असाल आणि कामाची मुभा असेल, तर पुढचं वाचून ठरवा.

थंडी. अलास्काच्या अंतर्भागातली थंडी वेगळीच. वजा ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एक होतात, आणि फेअरबँक्सकर तो आकडा परिमाण न सांगताच बोलतात. जड थंड हवा खोलगट भागात साचून राहते, म्हणून टेकडीवरच्या आणि नदीकाठच्या घरात एकाच सकाळी दहा-दहा अंशांचा फरक असतो. केबिन बघायला जाल तेव्हा ती वर आहे की खाली, हे विचाराच. प्रोपेनचं वजा ४२ ला बाष्प होणं थांबतं, त्यामुळे बाहेर ठेवलेलं सिलिंडर ऐन वेळी मान टाकतं. गाडीचं इंजिन रात्रभर विजेच्या हीटरला जोडून ठेवावं लागतं. लॅपलँडमध्येही वजा ३० येतं, आणि कित्तिलाजवळच्या पोक्कामध्ये १९९९ च्या जानेवारीत वजा ५१.५ नोंदलं गेलंय. पण अटलांटिकच्या ऊबेमुळे तिथे कडाका आला तरी सहसा काही दिवसांत मोडतो. फेअरबँक्सला तो आठवडा-दोन आठवडे मुक्काम ठोकतो.

अंधाराचं उलटं आहे. फेअरबँक्सला २१ डिसेंबरलाही पावणेचार तासांच्या आसपास उजेड मिळतो. इनारीकडे सूर्य महिनाभराहून जास्त काळ क्षितिजावर येतच नाही. त्या काळाला फिनिश लोक कामोस म्हणतात. भर दुपारी दोन-तीन तास निळा उजेड असतो, बर्फावर निळसर झाक येते, आणि मग पुन्हा कपाळावरचा दिवा. मला कामोसचा त्रास झाला नाही, पण सोबतच्या दोन मुली जानेवारीतच परत गेल्या. पुण्यातल्या पावसाळ्यात चार दिवस ऊन दिसलं नाही की तुमचं मन बसत असेल, तर याचा गंभीरपणे विचार करा.

आता कुत्र्यांचं जेवण, ज्यात मी सगळ्यात रमले. अलास्कात सकाळी सहाला उठून आधी केबिनच्या शेगडीत बर्चची दोन लाकडं सारायची, मग बाहेर जाऊन अर्ध्या पिंपाच्या चुलीखाली जाळ करायचा. गोठलेल्या मांसाची लादी कुऱ्हाडीनं फोडायची, पाण्यात सोडायची, वर चरबी आणि कोरडं खाद्य. एवढ्या थंडीत कुत्री नुसतं पाणी नीट पीत नाहीत, म्हणून पाणीच चवीचं करून द्यावं लागतं. मी त्याला कालवण म्हणायची, आणि मशरच्या तोंडीही तोच शब्द बसला. डावानं वाढत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं, हात भरभर चालवायचा, कारण रेंगाळलेल्या कुत्र्याच्या भांड्यात कडेनं बर्फाची साय धरते. लांबच्या शर्यतीत पळणारं २०-२५ किलोचं कुत्रं दिवसाला १०,००० कॅलरीच्या घरात खातं. मग कालवणात चरबी इतकी का, हे कळतं.

पूर्वी या भागात यूकॉन नदीतला चम सॅमन वाळवून कुत्र्यांसाठी साठवायचे. त्याचं नावच डॉग सॅमन. २०२१ पासून ती मासळी इतकी आटली की मासेमारी बंद ठेवावी लागली, आणि २०२४ मध्ये अलास्का व कॅनडानं याच नदीतल्या किंग सॅमन या दुसऱ्या जातीची मासेमारी सात वर्षं थांबवण्याचं ठरवलं. जे नदीतून मिळायचं ते आता विकत आणायचं. छोट्या केनेलचं कंबरडं यानं मोडतं, आणि तुम्हाला हातखर्चाला फारसं का मिळत नाही, त्याचं एक उत्तर इथेही आहे.

लॅपलँडला मांसाच्या लाद्या ट्रकनं येतात, तोडायला करवतीचं यंत्र असतं, आणि दोघं-तिघं मिळून शंभर कुत्र्यांना तासाभरात जेवू घालतात. काम सुटसुटीत, पण अमुक कुत्र्यानं आज अर्धं टाकलं, हे लक्षात यायला तिथे मला दोन महिने लागले.

धावण्यातही हाच फरक. लॅपलँडच्या मोसमात, म्हणजे डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, त्याच पाच-दहा किलोमीटरच्या फेऱ्या होतात, आणि नाताळात तर दिवसाला तीन-चार. पाहुण्यांना चार-पाच कुत्र्यांची स्लेज स्वतः हाकायला देतात, त्यामुळे तुमचा अर्धा दिवस "काहीही झालं तरी दांडा सोडायचा नाही, उतारावर ब्रेक" हे सांगण्यात जातो. लोकांशी बोलायची हौस असेल तर हे काम फार आनंदाचं आहे. लंडनहून आलेल्या एक नागपूरच्या आजी उतरल्यावर पुढच्या कुत्रीच्या गळ्यात पडून मराठीत बोलत होत्या, आणि ती शहाणी कान पाडून ऐकत होती.

अलास्कात मात्र सप्टेंबरपासून, बर्फ नसताना, चारचाकी मोटारीला बारा कुत्री जुंपून सराव सुरू होतो, आणि जानेवारीपर्यंत एका दमात साठ-सत्तर किलोमीटर. मागे तुम्ही एकटे. ऐकू येतात फक्त स्लेजच्या पट्ट्या आणि अठ्ठेचाळीस पायांतल्या बूटींची (पंजे जपायला घातलेल्या कापडी मोज्यांची) फरफर. भीती असते ती मूसची, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणाची: तुडवलेली वाट त्यालाही सोयीची असते आणि तो बाजूला होत नाही. इडिटरॉड या अलास्कातल्या लांब पल्ल्याच्या स्लेज शर्यतीत १९८५ मध्ये सुसान बुचर या मशरची दोन कुत्री मूसच्या हल्ल्यात अशीच मेली.

आमच्या मशरनं एका वेताची नावं मला ठेवायला सांगितली. मी जिरं, मोहरी, ओवा, बडीशेप म्हटलं. त्यानं जिरं बाद केलं, कारण मशरच्या हुकमात "जी" म्हणजे उजवीकडे वळ. ऐन वळणावर एकाला हाक मारायची आणि अख्खा संघ उजवीकडे, असं नको. जिऱ्याचं वेलची झालं.

घराचं थोडक्यात. फेअरबँक्सच्या बाहेर बिननळाच्या केबिन सर्रास आहेत. पाणी १९ लिटरच्या कॅनमधून आणायचं आणि संडास बाहेर, ज्याच्यावर निळ्या फोमची बैठक असते. वजा ४० लाही तिचा चटका बसत नाही. मराठवाड्यात टँकरवर दिवस काढलेल्यांना पाणी जपून वापरणं शिकवावं लागत नाही. लॅपलँडमध्ये आम्हाला गरम खोली, नळ आणि संध्याकाळी सौना होता. तिथे माझा वाद झाला तो पैशांवरून. खोलीचं भाडं पगारातून कापणार हे केनेलवाल्यांनी आधी सांगितलं नव्हतं, आणि पहिल्या महिन्याची रक्कम पाहून मला रडू आलं. करार लेखी घ्या. त्यात तास, सुट्ट्या, भाडं आणि गरम कपडे कोण देणार, हे सगळं असू द्या.

बर्फाचा भरवसा मात्र आता अलास्कातही राहिला नाही. इडिटरॉडची खरी सुरुवात (अँकरेजमधल्या समारंभी सुरुवातीनंतरची) बर्फाअभावी २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ मध्ये उत्तरेला फेअरबँक्सला हलवावी लागली, आणि २०२१ च्या नाताळात खुद्द फेअरबँक्सला पाऊस पडून रस्त्यांवर काचेसारखा थर बसला.

माझं मत विचाराल तर पहिल्याच हिवाळ्याला लॅपलँडला जा. हार्नेस (कुत्र्याला स्लेजला जुंपायचा पट्ट्यांचा साज) घालणं, पंजे तपासणं, भांडण लागलं की मध्ये कसं पडायचं, हे तिथे शंभर कुत्र्यांवर पटकन हातात बसतं, शिवाय चुकलात तर हाकेवर कुणीतरी असतं. मनात कधीतरी स्वतःची दहा कुत्री आणि लाकडाची शेगडी असेल, आणि कागदपत्रांची सोय असेल, तर मात्र अलास्का. फक्त सरकारी जमीन फुकटात कसायला मिळेल या आशेवर राहू नका, तो होमस्टेडचा कायदा अलास्कातही १९८६ ला संपला.

कुठेही अर्ज कराल तेव्हा पहिल्या बोलण्यात विचारा की म्हातारी कुत्री कुठे आहेत. आमच्या मशरला मी विचारलं होतं तेव्हा त्यानं काही न बोलता केबिनचं दार उघडलं. शेगडीजवळ तेरा वर्षांची एक कुत्री झोपली होती. तिच्या पंजांपाशी वाळत घातलेल्या बूटी होत्या, आणि ती झोपेतच पाय हलवत होती.