‘समुद्रात चालते’ म्हणून गळ्यात मारलेली होडी

उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणारे आणि होडी बदलायच्या विचारात असलेले जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्रश्न नुसत्या पैशांचा असता तर गप्प बसलो असतो. पण आम्हाला जी होडी विकली, तिच्यातून माझा थोरला भाऊ आणि भाचा पहाटे अंधारात जाळी काढायला जात होते.

आमची जुनी होडी पत्र्याची, सपाट तळाची, बुटक्या काठांची. संथ पाण्यात तिचा काही त्रास नव्हता. उथळात शिरायची, चिलापीची जाळी ओढताना दोघं एका बाजूला वाकले तरी फारशी कलायची नाही. पण उजनीचं पाणी रुंद आणि उघडं. वळवाचं वारं सुटलं की त्याला अडवायला मध्ये काही नाही. इथल्या लाटा समुद्रासारख्या लांब नसतात; आखूड, उभ्या, एकीला लागून दुसरी. सपाट तळ त्यांच्यावर आपटत राहतो आणि बुटक्या काठावरून पाणी आत येतं. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा माणसं बुडाली. करमाळ्याच्या बाजूला काठावरच्या गावांतून त्या दिवसानंतर कुणी वाऱ्याला हलक्यात घेत नाही. आमच्या आईने तेव्हापासून धोशाच लावला होता, होडी बदला.

बदलायची म्हणजे कशी, हे आम्हाला माहीत होतं. पुढून धारेचा तळ, म्हणजे लाट कापली जाते. काठ उंच, रुंदी बेताची जास्त, आणि बसायच्या फळ्यांखाली बंद कप्पे. त्या कप्प्यांत फोम भरलेला असतो, त्यामुळे होडी पाण्याने भरली तरी तळाला जात नाही. धरून तरंगता येतं.

विकणारा जिल्ह्याबाहेरचा. पुणे-सोलापूर हायवेलगत भाड्याच्या जागेत चार-पाच फायबरच्या होड्या मांडून बसला होता. पांढरीशुभ्र, निळ्या पट्ट्याची होडी दाखवून म्हणाला, “दादा, ही समुद्रात चालते, तुमच्या धरणाचं काय घेऊन बसलात? नवी कोरी आहे, साच्यातून काढून महिना झाला नाही.” कप्पे उघडून दाखवा म्हटलं तर म्हणाला, सील फोडलं की गॅरंटी जाते. पाण्यात उतरवून दाखवा म्हटलं तर म्हणाला, पोचवल्यावर तुमच्याच काठावर दाखवतो. मोटरसकट 1,85,000 रुपये. निम्मे मोबाईलवरून आधी, उरलेले टेम्पोत चढवताना रोख. टेम्पो काठावर आला तेव्हा बरोबर फक्त ड्रायव्हर होता, आणि त्याच्या हातात पावती. तिच्यावर लिहिलं होतं: ‘फायबर होडी, नग एक, जशी आहे तशी.’ नवी हा शब्द कुठेच नाही.

पहिल्याच वाऱ्याला लक्षात आलं. होडी मागून जड बसत होती. लाटेवर चढली की मोटरचा पंखा पाण्याबाहेर यायचा, इंजिन किंचाळायचं आणि ढकलणं बंद व्हायचं. लाटांत ढकलणं थांबलं की होडी आडवी होते, आणि आडव्या होडीत पाणी भरायला वेळ लागत नाही. त्या दिवशी भाऊ वल्ह्यावर काठाला आला.

मोटरचं कारण लगेच सापडलं. या मोटरींचे दांडे मुख्यतः दोन मापांत येतात: आखूड 15 इंचाचा, लांब 20 इंचाचा. मोटर ज्या मागच्या फळीला टांगतात, तिच्या उंचीप्रमाणे दांडा लागतो. आमच्या होडीची फळी 20 इंच आणि बसवलेली मोटर आखूड दांड्याची. संथ पाण्यात हे कळतसुद्धा नाही, लाटेतच उघडं पडतं. धंद्यात मुरलेल्या माणसाच्या हातून हे चुकून होत नाही.

खरी गोष्ट मोटर उतरवल्यावर दिसली. बोल्टच्या भोकांतून चहासारखं तपकिरी पाणी गळायला लागलं. फायबरचं काम करणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीने मागच्या फळीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. वर टणटण आवाज, खाली भद्द. बारीक भोक पाडलं तर ड्रिलला लागून काळा, ओला भुसा बाहेर आला, कुजका वास येणारा. आतला प्लायवूड संपलेला होता. म्हणजे मोटर नुसत्या फायबरच्या दोन कातड्यांवर लटकत होती. मग बसायची फळी कापली. फोमच्या जागी मोडक्या थर्माकोलचे तुकडे आणि भाजीची गोणी, सगळं पाणी पिऊन जड झालेलं. बुडताना जे वर धरणार, तेच खाली ओढणारं. हे करणाऱ्याला आतून काहीच वाटलं नसेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढच्या बाजूला मिस्त्रीने पॉलिश पेपर मारला तेव्हा पांढऱ्या रंगाखालून निळी अक्षरं वर आली: आयएनडी एमएच, आणि पुढे अर्धवट खरवडलेले आकडे. समुद्रातल्या मच्छीमार बोटींवर असा नंबर घालतात. समुद्रात चालते हे त्याने खरं सांगितलं होतं. किनाऱ्यावर वापरून टाकलेली, कुजलेली होडी रंगवून आमच्या काठावर आणली होती.

म्हणून रंगाकडे बघू नका. मागची फळी वरपासून खालपर्यंत ठोकून ऐका, आवाज बदलला तिथे आत ओल आहे. मोटरचे बोल्ट सोडायला लावा. कप्प्याला झाकण नसेल तर विकणाऱ्याने समोर भोक पाडून आतलं दाखवावं, नंतर ते बुजवता येतं. गॅरंटीचं कारण सांगितलं तर उठून या. पैसे द्यायच्या आधी होडी काठाजवळ कमरेइतक्या पाण्यात उतरवा, बादल्यांनी काठोकाठ भरा आणि दोघं धरून लटका. चांगली होडी तशीही वर राहते. बिलावर ‘नवी’, बांधणीचं वर्ष आणि मोटरचा नंबर लिहून घ्या.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “मासेमारी म्हणजे धंदा. धंद्याच्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही.” हे ऐकून बरेच जण माघार घेतात, म्हणून स्पष्ट लिहितो. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कामासाठी घेतली असं 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा मानत नाही. विकणारा बाहेरचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरावर फुकट माहिती मिळते.

आम्ही रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, ती ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आली. ते पाकीट न फोडता जपून ठेवलंय. कापलेल्या फळीचे, गोणीचे, रंगाखालच्या अक्षरांचे फोटो आणि मिस्त्रीचा लेखी अहवाल जोडून सोलापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार दिली आहे. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कुठल्याही काठावर कुणी अशी पांढरी, निळ्या पट्ट्याची होडी घेतली असेल, तर आज मोटर उतरवून बोल्टची भोकं बघा. पाणी गळलं तर होडी वर ओढून ठेवा, फोटो काढा. तक्रार सारखीच असेल तर आयोगाच्या परवानगीने अनेकांना मिळून एकच दावा चालवता येतो, आणि आमची त्याला तयारी आहे.