गुडघेदुखीसाठी टेन्स मशीन: पावसाळ्यापासून आत्तापर्यंतचा अनुभव

दोन्ही गुडघ्यांची झीज आहे, पेनकिलर सोसत नाहीत, म्हणून फिजिओच्या सल्ल्याने टेन्स मशीन घेतलं. मोबाइलएवढा डबा, दोन चॅनेल (करंटच्या दोन वेगळ्या वाटा), चार चिकट पॅड. पॅडमधून कातडीला हलका करंट बसतो आणि मुंग्या येतात. चालू असताना आणि नंतर थोडा वेळ दुखणं खरंच कमी होतं. झीज मात्र भरून येत नाही.

यामागचा विचार जुना आहे. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूपाशी वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. ठेच लागली की आपण बोट चोळतो, ते याचमुळे. मशीनच्या मुंग्यांकडूनही हीच अपेक्षा. ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली ३८१ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यातही मशीन चालू असताना किंवा लगेच नंतर दुखणं कमी झाल्याचं दिसलं. उलट अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या सांधेविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९च्या शिफारशी गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स नको म्हणतात. व्यायाम, वजन कमी करणं आणि ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार) यांवर त्यांचा भर आहे.

माझ्या फिजिओने या दोन्हींची सांगड घातली: मशीन व्यायामाच्या वेळीच लावायचं. पॅड गुडघ्याच्या वर-खाली लावते, मुंग्या जोरात पण सोसतील इतक्या ठेवते. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडी आवळून धरायची, सावकाश सोडायची. एरवी कळ आली की मी तिथेच थांबायचे. आता सगळा व्यायाम पुरा होतो. जिना उतरताना कठडा अजून लागतो, पण प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरणं सुटलं. हे श्रेय मी मांडीत आलेल्या ताकदीला देते, आणि ती ताकद कमवता आली याचं मशीनला.

तक्रार पॅडची. पायाला तेल लावलेलं असलं की गोंद लवकर जातो, कोपरा सुटतो आणि तिथेच करंट टोचतो. पाय साबणाने धुऊन कोरडा करा, पॅड काढण्याआधी मशीन बंद करा, पॅड परत त्याच्या प्लास्टिकवर चिकटवा.

पेसमेकर असेल तर हे वापरू नका. गळ्यावर पुढून किंवा बधिर कातडीवर पॅड लावू नका. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि घेतानाच सुटे पॅड मिळतात का, केवढ्याला, ते दुकानात विचारून घ्या. मशीन एकदाच घ्यायचं असतं, पॅड सारखे लागतात.