तिळाच्या लाडवांसाठी चिक्कीचा गूळ: घ्यावा का?

हळदीकुंकवाला लाडू पुड्यांतून वाटायचे असतील तर जरूर घ्या. साध्या गुळाचे लाडू भुसभुशीत होऊन फुटतात, हा चिकट गूळ तीळ घट्ट धरून ठेवतो. किसणीच्या भानगडीत मात्र पडू नका, बत्त्यानेच फोडा.

अर्धा किलो भाजलेल्या तिळाला अर्धा किलो गूळ, वाटीभर दाण्याचं कूट, अर्धी वाटी भाजलेलं खोबरं, वेलची. 20 ग्रॅमचे 55-60 लाडू होतात. जाड बुडाच्या कढईत 2 चमचे तुपावर गूळ विरघळवा, पाणी नको. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी वळली की गॅस बंद. गोळी टणक झाली, टाकल्यावर वाजली, तर तो चिक्कीचा पाक. मग आजोबांच्या कवळीची खैर नाही.

खरी खोट एकच: मिश्रण भराभर आळतं. निम्म्या मापाने करा, कढई गरम तव्यावर ठेवा, हाताला पाणी लावून दोघांनी वळा. पूर्ण गार झाल्याशिवाय पुड्या बांधू नका. आत वाफ धरून लाडू चिकटतात.

गूळपोळीला हा गूळ नको, सारण कडक होतं.