फाइलींची नावं दिसत होती, आत काहीच नव्हतं

डिसेंबरात आईचं वर्षश्राद्ध होतं. देवासहून ताई आली होती, उज्जैनहून मामा, पुण्याहून दोन मावसबहिणी. जेवणं आटोपल्यावर ताई म्हणाली, "आईचा तो पुरणाचा व्हिडिओ लाव ना."

शेवटच्या दोन वर्षांत आई बरंच काही सांगायची आणि मी ते फोनवर घेऊन ठेवत असे. पुरणात गूळ किती, 1984 मध्ये इथला, इंदूरचा राजवाडा जळाला तेव्हा आमच्या गच्चीवरून काय दिसलं, आजीच्या तोंडच्या ओव्या. असे साठ-सत्तर व्हिडिओ होते. ते सगळे ज्या ड्राइव्हवर, म्हणजे फाइली साठवायच्या छोट्या डबीवर, ठेवले होते ती मी टीव्हीला जोडली. फोल्डर उघडलं, नावं दिसली, तारखा दिसल्या. व्हिडिओ मात्र चालेना. दुसरा लावला, तिसरा लावला. मग लॅपटॉपवर बघितलं, तिथेही तेच. सगळे गप्प बसून होते आणि मी एकामागून एक फाइल उघडत होते.

ती ड्राइव्ह मी जुलैत घेतली होती. फोनवर सारखी जाहिरात यायची: 2 टीबीची (म्हणजे साधारण 2,000 जीबीची) पोर्टेबल एसएसडी, म्हणजे जलद चालणारी ड्राइव्ह, 1,499 रुपये, घरपोच आल्यावर पैसे द्या. खाली शेकडो लोकांनी पाच-पाच तारे दिलेले. घरी आली ती छान धातूच्या डबीत, सोबत केबल. लॅपटॉपला लावली तर तिथेही जवळजवळ 2 टीबीच जागा दिसली. मला वाटलं, लॅपटॉपच सांगतोय म्हणजे खरंच असणार.

आधी फोनमधले फोटो टाकले, साधारण 40 जीबी. दहा-बारा उघडून बघितले, स्वच्छ दिसले. मग जुन्या लॅपटॉपवरचं सगळं टाकलं: 2006 पासूनचे फोटो, मुंजी, लग्नं, आणि सर्वांत शेवटी आईचे व्हिडिओ. फोन भरला म्हणून ते मी आधीच लॅपटॉपवर हलवले होते. सगळं मिळून 210 जीबी. कॉपी व्हायला पाच-सहा तास लागले. लॅपटॉप जुना आहे म्हणून वेळ लागतोय, असं मी धरलं. शेवटपर्यंत एकदाही अडथळा आला नाही. फोल्डर मोजले, बरोबर भरले. मग फोन रिकामा केला. लॅपटॉप फॉरमॅट करून, नव्याने विंडोज टाकून, आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीला दहावीच्या अभ्यासाला दिला.

भाचा इंदूरलाच इंजिनिअरिंगला आहे. त्या संध्याकाळी त्याने ड्राइव्ह हातात घेतली आणि म्हणाला, "मावशी, ही फार हलकी आहे." त्याने आधी जे उघडत होतं तेवढं दुसरीकडे उतरवून घेतलं. मग ड्राइव्ह रिकामी करून एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने चाचणी लावली. हा प्रोग्रॅम ड्राइव्हवर खरोखर डेटा लिहितो, मग तो परत वाचून जुळतो का ते बघतो. चाचणी संपल्यावर उत्तर मिळालं: 59 जीबी ठीक, पुढचं सगळं हरवलेलं. डबी उघडली तर आत एक छोटी पट्टी, आणि तिच्यावर डिंकासारख्या गोंदाने चिकटवलेलं 64 जीबीचं मेमरी कार्ड, फोनमध्ये घालतो तसलं.

त्याने मला जे समजावलं ते इथे नीट लिहिते, कारण हे आधी कळलं असतं तर माझं नुकसान टळलं असतं. कॉम्प्युटर ड्राइव्हची जागा स्वतः मोजत नाही. ड्राइव्हमधली चिप जो आकडा सांगते तोच तो दाखवतो, आणि इथे चिपलाच खोटा आकडा शिकवलेला होता. खऱ्या 64 जीबीपर्यंत सगळं व्यवस्थित साठतं. त्यापुढे आलेला डेटा ती घेतल्यासारखं करते आणि टाकून देते. काही ड्राइव्ह तर आधीच्या डेटावरच नवा लिहितात, म्हणजे आधीचंही जातं. फाइलींची नावं आणि साइज यांची यादी मात्र बहुतेकदा ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून ती शाबूत राहते. वहीला अनुक्रमणिका आहे आणि पानंच नाहीत, असा प्रकार.

मला सर्वांत जास्त राग याचा येतो की ही फसवणूक परतीच्या मुदतीचा हिशेब करूनच रचलेली आहे. परत करायला सात दिवस होते. सात दिवसांत माणूस थोडे फोटो टाकतो, उघडून बघतो, खूश होऊन पाच तारे देतो. 60 जीबीच्या पुढे तो जातो तेव्हा महिने उलटलेले असतात. ते पाच तारे देणारे सगळेच खोटे असतील असं मला आता वाटत नाही. त्यांनाही अजून कळलेलं नसेल.

हरवलेलं परत मिळवायचा प्रयत्न केला. ड्राइव्हवर ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं, त्यामुळे तिथून काही निघणं शक्यच नव्हतं. फोनच्या ट्रॅशची 30 दिवसांची मुदत केव्हाच संपली होती. त्या मुलीने बिचारीने लॅपटॉप लगेच आणून दिला. त्यातून काही फोटो निघाले, पण व्हिडिओंचे तुकडेच मिळाले, चालणारा एकही नाही.

तक्रारीचं सांगते. ज्या अ‍ॅपवरून ड्राइव्ह मागवली होती तिथून तो विक्रेता नाहीसा झाला होता आणि परतीची मुदत संपली एवढंच उत्तर येत होतं. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला, तक्रार क्रमांक घेतला, उघडलेल्या डबीचा आणि चाचणीच्या निकालाचा फोटो जोडला. मग अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तोच क्रमांक घालून मेल केला. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना 48 तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाल लावावा लागतो. तीन आठवड्यांनी 1,499 रुपये परत आले. आले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलं होतं. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका, या लोकांचा धंदा आपण सोडून देतो त्यावरच चालतो.

नंतर मी इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानांत चौकशी केली. नावाजलेल्या कंपनीच्या 2 टीबी एसएसडीचा भाव पाच आकडी सांगितला. ही चौकशी जुलैतच करायची होती, घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. आता साधी 1 टीबीची हार्ड डिस्क बिलासकट घेतली. आधी रिकामीच तिची पूर्ण चाचणी केली, दीड दिवस लागला. फाइली टाकल्यावर सर्वांत शेवटी टाकलेल्या फाइली उघडून बघते, पहिल्या नाही. आणि मूळ जागेवरून काहीच पुसत नाही, जोवर दुसरीकडे आणखी एक प्रत तयार होत नाही.

ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आईचा 40 सेकंदांचा एक व्हिडिओ सापडला, मीच कधीतरी पाठवलेला. त्यात ती गूळ किसते आहे आणि मला म्हणते आहे, "पुरे गं, बंद कर तो फोन." नात्यातलं कोणी हे वाचत असेल तर आपापल्या फोनमध्ये बघा. मी पाठवलेलं काहीही असेल, अस्पष्ट असेल, अर्धवट असेल, तरी मला पाठवा.